आत्याने घेतलेली परीक्षा

परवा औषधाच्या दुकानात स्पिरिटचा वास आला आणि भिसेगावच्या घरातली आईची खाट आठवली, कारण त्या काळी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर लावत. मुंबईच्या डॉक्टरांनी "आता घरीच न्या, त्रास कमी होईल एवढं बघा" असं सांगून तिला परत पाठवलं होतं. देखभालीला ठेवलेली पहिली बाई तिला खसकन ओढून कुशीवर करायची, आणि आई ओठ दाबून सोसायची. म्हणून दुसरी बाई आली त्या दिवशी कळंबहून आत्या मुद्दाम आली आणि सरळ शेजारच्या खाटेवर आडवी झाली. "मी दुखणाईत हाय समज, अन् मला कुशीवर कर," ती त्या बाईला म्हणाली. बाई हसली नाही. तिने तळहात चोळून ऊन केले, "आत्या, आता वळवते हं," असं सांगितलं, आणि एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिला अलगद वळवलं, पाठीशी उशी लावली, लुगड्याच्या चुण्या सारख्या केल्या. आत्या डोळे मिटून पडूनच राहिली. "वन्सं, झोपलात की काय?" आईने विचारलं आणि कित्येक दिवसांनी हसली. आत्या उठली ती पदराने डोळे पुसत. "हिलाच ठेव गं," ती मला म्हणाली, "माज्या अंगाला असा हात कुनी लावला नाय." आई गेली ती दिवाळीनंतर, एका सकाळी, त्या बाईने वेणी घातल्यावर, निवांत. आता माझीही सत्तरी उलटली आहे, आणि आईला आपल्या घरातून सुखाने जाता आलं ते त्या दोघींमुळे, हे मी मुलांना पुन्हापुन्हा सांगते.