पेट्रोलचा वास

वडिलांच्या जुन्या गाडीतून आईला नेऱ्याला नेत होतो. सुकापूरला एका गॅरेजवाल्याने हात आडवा करून थांबवलं. "पेट्रोल गलतंय. गाडी बंद करा. आयेला आदी उतरवा."

आपली खुर्ची त्याने आईला दिली आणि गाडीखाली शिरला. पेट्रोलच्या पाइपवरून बोट फिरवायचा, हुंगायचा, पुढे सरकायचा. चीर सापडली, इंजिनाच्या अगदी जवळ.

"वास महिनाभर येतोय," मी ओशाळून म्हणालो. "जुनी गाडी, म्हणून..."

"वासाची सवय झाली का मानसाला धोका कलत नाय."

नवा पाइप बसवून त्याने साबणाने हात धुतले, इंजिन सुरू केलं, तळवा पाइपखाली बराच वेळ धरला आणि थेट आईपुढे नेला. "हुंगा, आये."

आईने वाकून हुंगलं. "साबणाचा वास येतोय."

तेव्हा कुठे तो हसला.