पारुबाईंची हिरवी ज्वारी

हट्टा गावच्या पारुबाईंनी एकदा मनावर घेतलं की त्या मागं हटत नाहीत, हे त्यांच्या नवऱ्याला, विश्वंभररावांना, तीस वर्षांत कळायला हवं होतं. पण नवरे कळूनही विसरतात. गेल्या साली अर्ध्या एकरातली हळद कंदकुजीनं सडली. गड्डा उपटला की हाताला नुसता लिबलिबीत चिखल. त्या तुकड्यात यंदा सोयाबीन पेरायचं, असं विश्वंभररावांनी ठरवून टाकलं. पारुबाई म्हणाल्या, हळदच लावायची, पण बेणं ट्रायकोडर्मात बुडवून. ही मित्रबुरशी कुजवणाऱ्या बुरशीला खाते, असं त्या शेतीच्या एका प्रशिक्षणात ऐकून आल्या होत्या. येताना त्या बुरशीच्या विरजणाची तीन पाकिटंही आणली होती; विरजण ज्वारीवर वाढवून मग बेण्याला लावायचं.

पहिलं पाकीट त्यांनी मे महिन्यात उकडलेल्या ज्वारीला लावलं आणि ती पिशव्यांत भरून पत्र्याच्या खोलीत ठेवली. बुरशीला लागतात पंचवीस ते तीस अंश. खोलीत दुपारी एक्केचाळीस. आठ दिवसांनी पिशव्या उघडल्या तर नुसता आंबट वास. विश्वंभरराव हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली, आणि पारुबाईंना तेच जास्त लागलं.

मग त्यांना बेण्याची आठवण झाली. हळदीचं बेणंही उन्हाळाभर जगवावंच लागतं: कडुलिंबाखाली ढीग, वर हळदीचा पाला, भोवती पाण्याचा शिडकावा. पाल्याखाली तापमापक ठेवलं तर एकोणतीस. आजेसासऱ्यापासून चालत आलेली सोय दाराशी असताना एक पाकीट वाया घालवलं, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

दुसऱ्या खेपेला ज्वारी जास्त होती. भांडं मोठं हवं म्हणून त्यांनी हळद शिजवायची कढई काढली. जागा गार, हात स्वच्छ, सगळं बराबर. तरी पांढरा तंतू काही दिसेना. दाणे मात्र सुरेख पिवळे. त्या दाण्यांकडं बघता बघता पारुबाईंनी कपाळावर हात मारला. जखम चिघळू नये म्हणून जी हळद आपण दाबतो, तिच्यातच त्यांनी बुरशीचं जेवण शिजवलं होतं.

"काहून जीव काढून राहिलीस? एकच पाकीट उरलंय, सोड आता," विश्वंभरराव म्हणाले.

"एकच उरलंय, म्हणून तर सोडत न्हाई."

या वेळी त्यांनी पुरणाच्या पातेल्यात चार खेपांत ज्वारी उकडली. पिशव्या पाल्याखाली ठेवल्या. वर गोणपाट टाकलं; ते रोज भर दुपारी भिजवायचं, त्यात चूक नको. एका बाजारच्या दिवशी त्यांना वसमतहून यायला उशीर झाला. उन्हातून पळतच लिंबाखाली गेल्या, तर गोणपाट ओलंचिंब, आणि शेजारी विश्वंभररावांची बादली.

चौथ्या दिवशी पिशव्यांत पांढरं जाळं धरलं. नवव्या दिवशी बुरशी पिकून ज्वारी हिरवीगार. पारुबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

लागवडीच्या सकाळी त्यांनी ती हिरवी ज्वारी शेणाच्या पाण्यात कालवली आणि बेणं बुडवून काढलं. पहिली पाटी विश्वंभररावांनी उचलली. चांगलं रान सोडून ते सरळ सडलेल्या तुकड्याकडं निघाले.

"तिथं तर तुमी सोयाबीन पेरणार व्हता," पारुबाई म्हणाल्या.

"पहिली सरी तिथंच लावू," ते मागं न बघता म्हणाले.

पारुबाईंनी पदर खोचला आणि दुसरी पाटी डोक्यावर घेतली.