वॉकीटॉकीवर पाऊस ऐकू येत नव्हता

मंडळी, अजून केस ओले आहेत, पण आत्ताच लिहिते.

कासार आंबोलीजवळच्या मातीच्या ट्रॅकवर आज बाइक रेस होती. हौस म्हणून मी वळणावर झेंडा घेऊन उभी होते. आमचा एकच नियम: कंट्रोलनं वॉकीटॉकीवर सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही.

दुपारी आभाळ फाटलं. समोरच्या डोंगरावर वीज पडली. रेस थांबली, पण रेसचे प्रमुख, आमचे साहेब, वॉकीटॉकीवर म्हणाले, "जागेवरच थांबा, लगेच सुरू करू. मीही इथेच आहे, कंट्रोल रूममध्ये."

कंट्रोल रूम म्हणजे पत्र्याची शेड. पत्र्यावर पाऊस किती वाजतो, माहितीये ना? त्यांच्या आवाजामागे काहीच वाजत नव्हतं!

मला शंका आली. नियम गेला खड्ड्यात म्हणत शेडकडे पळाले. आत फक्त जागेचे मालक, तात्या.

"सायब? ते मगाशीच गाडीत जाऊन बसलं की. खाली रस्त्याला हायेत."

मग वॉकीटॉकीवरून मीच सगळ्यांना आत बोलावलं.

आत्ता ग्रुपवर साहेबांचा मेसेज आलाय: "आज आपण सगळे एकत्र भिजलो. टीमचा अभिमान वाटतो!" खाली हार्टांची रांग लागलीये.

"साहेब, तुम्ही कुठे भिजलात?" एवढंच टाइप करून बसलेय. पाठवू?