अक्कांचा बुधवार

अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, की आधी दोन बोटं वर करायच्या. बोलायच्या काही नाहीत. केस पेपरच्या खिडकीशी बसणाऱ्या आम्ही बायका ती बोटं बघून कपाळाला हात लावायचो. शाळेत दोन बोटं कशासाठी वर करतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. नव्यानं लागलेल्या एका शिपायानं तर अदबीनं रस्ताच दाखवला होता, "सरळ जाऊन डावीकडं, मॅडम." अक्का जराही न हसता म्हणाल्या, "मला नाही रे बाबा, सर्व्हरला जायचंय."

दोन बोटांचा अर्थ असा, की हातातलं काम सेव्ह करा, मी आता मोठं मशीन बंद करणार आहे.

अक्का आमच्या हॉस्पिटलातले सर्व्हर सांभाळायच्या. तळमजल्याच्या कोपऱ्यात एक खोली आहे, भर मे महिन्यातसुद्धा स्वेटर घालून बसावं अशी थंडगार. तिथल्या मोठ्या मशीनच्या पोटात सोलापुरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या माणसांचे रक्तगट, एक्स-रे, औषधं, सगळं साठवलेलं. ते मशीन बसलं, की माझ्या खिडकीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत सगळे कॉम्प्युटर बसतात. म्हणून त्याच्या शेजारी दुसरं मशीन ठेवलेलं. पहिल्यानं मान टाकली, की दुसऱ्यानं काम उचलायचं. आता दुसरं मशीन आहे ना, मग गप बसावं की नाही माणसानं? पण नाही. दर बुधवारी दुपारी अक्का चांगलं चालणारं पहिलं मशीन स्वतःच्या हातानं बंद करायच्या. का, तर दुसरं उचलतंय का ते बघायला. तेवढा वेळ आम्ही कागदाच्या चिठ्ठ्या फाडून पेशंट आत सोडायचो आणि रांगेतल्या लोकांची बोलणी खायचो.

एकदा करकंबचे एक आजोबा खिडकीत डोकं घालून म्हणाले, "ताई, मशीन झोपलं व्हय तुमचं?"

"झोपलं नाही आजोबा, सराव चाललाय."

"कशाचा?"

"बंद पडायचा."

"आँ? बंद पडायचा बी सराव आस्तो? आमच्या हिरीवरच्या मोटारीला तर न शिकवता येतंय की!"

सगळी रांग हसली. मी हे अक्कांना मीठमसाला लावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आजोबांना विचारायचं होतंस, दुसरी मोटार हाय का म्हणून. एकावर भागत नसतंय बघ."

हे त्यांचं पालुपद होतं. एकावर भागत नसतंय. इंटरनेटच्या लाइनी दोन, बॅटऱ्या दोन, एसी दोन. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर नोकरीच म्हटलं असतं. पण पर्समध्ये चष्मे दोन, खोलीच्या किल्ल्या दोन, खुंटीला काळ्या छत्र्या दोन. सोलापुरात पाऊस तो केवढा, आणि ह्या बाईच्या छत्र्या दोन! डबेसुद्धा दोनच आणायच्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा एक स्वतःला आणि एक "येईल कुणीतरी" म्हणून. ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असायचे, त्यामुळे डब्याच्या बाबतीत मी कधी चेष्टा केली नाही.

मशीनशी मात्र त्या कानडीतून बोलायच्या. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. पंख्याचा आवाज वाढला, की मशीनच्या पाठीवर थाप मारून "सुम्न इरप्पा" म्हणायच्या, म्हणजे गप बस बाबा. आमच्याशी मराठीत बोलताना चढणारा आवाज मशीनशी बोलताना मऊ व्हायचा. ह्याचा मला रागच यायचा.

दुसरी एक खोड होती. कशाची तरी जादा प्रत काढून ठेवलीय असं कुणी म्हणालं, की त्या म्हणायच्या, "ठेवलंय म्हणू नको, काढून दाखव." एकदा बोलता बोलता मी म्हटलं, की आमच्या घराची दुसरी किल्ली शेजारच्या वैनींकडे असते. झालं! "लावून बघितलीस कधी?" मी म्हटलं, किल्लीला काय बघायचं? पण बाई पाठीच लागल्या. शेवटी कटकट नको म्हणून एका संध्याकाळी वैनींकडून किल्ली घेतली आणि लावली, तर लागेना. दिवाळीत आम्ही कुलूप बदललं होतं आणि वैनी बिचाऱ्या जुनी किल्ली देवासारखी सांभाळत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी अक्कांना हे सांगायचं नाही असं ठरवून गेले. तोंडावरून त्यांनी ओळखलंच. नुसता दुसरा डबा पुढं सरकवला.

मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे आमच्या मालकांना, हा बुधवार डोळ्यांसमोर नको असायचा. "चांगल्या चालत्या गाडीचं चाक काढून बघायचं हे कसलं नाटक?" म्हणायचे. अक्का शांतपणे म्हणायच्या, "मी न काढता निघालं तर काय करायचं, ते ठरवलंय का डॉक्टर?" डॉक्टर पुटपुटत निघून जायचे. पण अक्कांच्या हाताखाली दुसरं माणूस द्यायचा विषय निघाला, की त्यांना कुठलं तरी ऑपरेशन आठवायचं. मी एकदा चिडवलं, "अक्का, सगळं दोन दोन, तुम्ही मात्र एकच कशा?" त्या म्हणाल्या, "माझी झेरॉक्स कुठं काढू गं?" आणि हसल्या. मग भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवून सांगायला लागल्या, आणि त्या दिवशी मला सगळं कळलं.

अक्कांना एकच लेक, हुबळीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतीप्रमाणे. माहेर म्हणजे आमचंच हॉस्पिटल. बाळंतिणींचा वॉर्ड बरोबर सर्व्हरच्या खोलीच्या डोक्यावर. लेकीला कळा सुरू झाल्या आणि त्याच वेळी खालचं मशीन आडवं झालं. तेव्हा दुसरं मशीन नव्हतं. ऑपरेशनला घेतलेल्या पेशंटचे रिपोर्ट निघेनात, रक्तपेढीचं काही दिसेना. दुरुस्त करणारं माणूस एकच, अक्का. मशीन उभं करून त्या धावत वर गेल्या, तेव्हा नात जन्मून, न्हाऊन, दुपट्यात गुंडाळून झाली होती. लेक एवढंच म्हणाली, "आई, एकच मजला खाली होतीस."

"भांडली असती तर बरं झालं असतं," अक्का म्हणाल्या. त्यानंतर त्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर रोज जाऊन बसल्या, दुसरं मशीन मंजूर होईपर्यंत. दोन बोटं तेव्हापासूनची. आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते आणि ह्या वेळी बाळंतपण सासरी, हुबळीत. लेकीनं फोनवर बजावलं होतं, "येणार असलीस तर ये. मशीनला विचारून सांगू नकोस."

अक्का गुरुवारी निघणार होत्या. बॅगाही भरलेल्या, अर्थातच दोन. जायच्या आधी त्यांची चिडचिड वाढली होती. सारख्या धमकी द्यायच्या, "तुम्ही बोटं बघून शहाण्यासारखं वागताय. एक दिवस न सांगता बंद करीन, मग कळेल."

त्याच आठवड्यातला बुधवार. उन्हाळा असा, की बाहेरून आलेला माणूस केस पेपरच्या आधी पाणी मागत होता. सांगोल्याच्या एका बाईचं नाव मी टाइप करत होते आणि मधेच कॉम्प्युटर गपगार. मी शेजारणीला म्हटलं, "बघ! न सांगता केलंच शेवटी म्हातारीनं!" चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. लॅबवाल्यांनी नळ्यांवर पेननं नावं घालायला घेतली, औषधाच्या दुकानात कार्बन पेपर निघाला. सगळ्यांच्या तोंडी अक्कांचा उद्धार, पण हात आपापली कामं करत होते. इलेक्ट्रिशियन शब्बीरभाई तर "अक्का का बुधवार है, मैं चाय पीको आताऊं" म्हणून कँटीनकडं गेलेसुद्धा. थोड्या वेळात दुसऱ्या मशीननं काम उचललं, कॉम्प्युटर जागे झाले, सांगोल्याच्या बाईचा केस पेपर निघाला आणि ती आतही गेली.

पण माझं डोकं तापलेलं. म्हटलं, आज सुनावतेच. बोटं दाखवायलासुद्धा काय पैसे पडतात का? शब्बीरभाई चहा पिऊन येतच होते, त्यांना घेऊन मी तरातरा खोलीकडं गेले आणि दार उघडलं.

अक्का नव्हत्या. खुर्ची रिकामी, स्वेटर पाठीवर तसाच. एका एसीच्या नळीत कबुतरानं काड्या कोंबल्या होत्या, आणि तुंबलेलं पाणी उलटं फिरून धारेनं पहिल्या मशीनवर पडत होतं. मशीन मेल्यासारखं काळं. दुसरं शेजारी घरघरत होतं आणि पाण्याचा ओघळ त्याच्याकडं सरकत होता. शब्बीरभाईंनी आधी पहिल्याची वीज तोडली, एसी बंद केला, आणि खुंटीवरची एक छत्री उघडून दुसऱ्या मशीनवर धरली. बंद खोलीत छत्री धरून उभा राहिलेला तो माणूस मी जन्मात विसरणार नाही.

तेवढ्यात मोठे डॉक्टर थिएटरमधून तसेच टोपी-मास्कसकट धावत आले. त्यांच्याकडून कळलं ते असं. लेकीला कळा लवकर सुरू झाल्या, म्हणून अक्का सकाळीच घरून थेट स्टँडवर गेल्या. फोन करून फक्त डॉक्टरांना सांगितलं, आणि डॉक्टर ऑपरेशनच्या घाईत आम्हाला सांगायचं विसरले. म्हणजे मशीन खरंच गेलं होतं आणि आम्ही सगळे त्याला बुधवार समजून, खुशाल शिव्या देत, बिनचूक काम करत बसलो होतो!

"अक्कांना फोन लावा," डॉक्टर म्हणाले. "विजापूरच्या आसपास असतील, परत फिरू दे त्यांना."

मी म्हटलं, "नाही लावायचा."

आजवर मी त्यांच्यासमोर 'हो सर'च्या पुढं गेले नव्हते. "सर, कॉम्प्युटर चालू आहेत. ऑपरेशन थांबलंय का? रिपोर्ट थांबलेत का? मग त्या माउलीला कशाला माघारी बोलवायचं? मागच्या वेळी एक मजला चढू दिला नाही तुम्ही!" डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. आणि माझ्याच हातातला फोन वाजला. अक्का.

"विजापूरला थांबलीय गं गाडी. सगळं बरंय ना?"

खोटं बोलायचं नव्हतं. "बरंय अक्का. बुधवार पार पडला."

पलीकडं स्टँडवरचा गलका ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, "बुधवार? मी हितं असताना बुधवार कुणी केला?"

विचारता विचारताच त्यांना कळलं.

"पहिलं गेलं?"

"गेलं. पण अक्का, दुसऱ्यानं उचललंय. आम्हाला तर पत्ताच नाही लागला, आम्ही तुम्हालाच शिव्या देत होतो. शब्बीरभाई छत्री धरून उभे आहेत. तुम्ही माघारी फिरू नका, तुम्हाला माझी शपथ."

"समोरच सोलापूरची गाडी लागलीय," अक्का म्हणाल्या. "आता तितं एकच मशीन उरलंय. एकावर भागत नसतंय गं."

"लेकीलापण तुम्ही एकच आहात, अक्का."

कंडक्टर कानडीत ओरडला, बेल वाजली. मग अक्का म्हणाल्या, "होगली बिडु."

म्हणजे जाऊ दे, सोड. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी कुणाबद्दलच ऐकले नव्हते.

"कुठल्या गाडीत बसताय?" मी विचारलं.

"हुबळीच्या," त्या म्हणाल्या.

पुण्याच्या कंपनीचा माणूस येऊन पहिलं मशीन दुरुस्त करून गेला. तोवर शब्बीरभाईंनी छत्री दोरीनं छताला टांगून ठेवली होती. अक्कांना नातू झाला आणि तो झाला तेव्हा लेकीचा हात अक्कांच्या हातात होता. महिन्यानं परत आल्या, तेव्हा उघडी छत्री बघून पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता रडल्या. वर्ष संपायच्या आत नोकरी सोडून लेकीजवळ राहायला गेल्या. डॉक्टरांनी त्यांच्या जागी दोन माणसं घेतली, आणि हा निर्णय आपल्याला फार पूर्वीच सुचला होता असं ते सगळ्यांना सांगत असतात. जाताना अक्कांनी दोन्ही चष्मे नेले, डबे नेले. छत्री मात्र एकच नेली.

बुधवारी आता ती नवी मुलं मशीन बंद करतात. दारात उभं राहून दोन बोटं वर करायचं काम मी कुणाला देत नाही. सराव संपतो न संपतो, तोच हुबळीहून फोन यायचा. "उचललं का दुसऱ्यानं?" उचललं, अक्का. "ठेवलेलं काढून बघितलंत?" बघितलं हो. पाठीमागं पोरं गोंधळ घालत असायची. फोन ठेवला, की मी म्हणायचे, बाई गेली पण जाच काही गेला नाही.

मागच्या बुधवारी फोन आला नाही. मी फोन समोर ठेवून बसले, दोनदा रेंज बघितली. संध्याकाळ झाली. जिवाला घोर लागला, म्हणून शेवटी मीच लावला.

"अगंबाई, आज बुधवार का?" अक्का म्हणाल्या. "विसरलेच की गं! नातीला सायकल शिकवायलेय सकाळपासून."

मी म्हटलं, "काही नाही अक्का, सहज केला होता." फोन ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, आणि आनंदही मावेना. मग मशीनच्या खोलीत जाऊन खुंटीवरची छत्री काढली, धूळ झटकली, आणि उघडतेय का ते एकदा उघडून बघितलं.