बोटाएवढी पलटण

माझ्या ताईच्या नवऱ्याला आम्ही घरात सेनापती म्हणतो. तोंडावर भाऊजी, पाठीमागे सेनापती. या माणसाने आयुष्यात खरी बंदूक हातात धरलेली नाही. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीनेही तो फुगा सोडून भिंतच टिपतो. तीस वर्षं तो कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, हा गुलाबी हिरड्यांत दात बसवून परत पाठवतो. काम चोख करतो, खोटं कशाला बोलू? आमच्या बाबांची कवळी त्याचीच आहे आणि बोलताना ती कधी वाजत नाही. पण एखाद्या म्हाताऱ्याला पुन्हा चावता आलं, एवढ्याने या माणसाचं समाधान होत नाही. त्याला युद्ध हवं असतं.

युद्ध ताईच्या जेवणाच्या टेबलावर चालतं. अर्ध्याहून जास्त टेबल त्याने काबीज केलंय आणि ताई सात वर्षं उरलेल्या कोपऱ्यात ताट टेकवून जेवते. तांब्याच्या तारेचा सांगाडा वाकवायचा, तो बुचावर रोवायचा, दोन रंगांची पुट्टी मळून त्यावर थापायची आणि ती कडक व्हायच्या आत कवळ्यांच्या हत्यारांनी सैनिक कोरायचा. सैनिक बोटाएवढा, त्याचं डोकं वाटाण्याएवढं. त्याच्या पायाखालची माती म्हणून उकळून वाळवलेली चहापत्ती. एकदा ताईने ती कचरा समजून फेकली, तर चार दिवस अबोला. कोणत्या साली कोणत्या खिशाचं बटण बदललं हे सेनापतींना तोंडपाठ. लग्नाच्या वाढदिवसाची आठवण मात्र ताईने करून द्यायची.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश, नर्सबाईंचे गणवेश, असलंच काम. त्यामुळे माझी नजर आधी कापडावर जाते. कोपर वाकलं की कापड आतल्या बाजूला गोळा होतं आणि बाहेरून ताणून बसतं, हे शिकाऊ मुलीलाही कळतं. सेनापतींच्या सैनिकांच्या कोपरांना मात्र बाहेरून गोल गोल वळ्या, दंडावर बांगड्या चढवल्यासारख्या. मी एकदाच सांगितलं.

"भाऊजी, चुण्या चुकल्यात."

"पुस्तकात अशाच आहेत," ते म्हणाले.

संपलं! पुस्तकात आहे म्हणजे आहे. माझ्या अंगातल्या सदऱ्याची बाही समोर वाकवून दाखवली, तरी त्यांनी चष्मा वर करून पाहिलं नाही.

आता बाबांचं. आमचे बाबा तरुणपणी पलटणीत होते, पण बंदूकवाले नव्हते, तारवाले होते. छावणीपासून पुढच्या चौकीपर्यंत टेलिफोनची तार टाकायची, हे त्यांचं काम. ते दोघांनी करायचं असतं. पुढचा माणूस पाठीमागे कंबरेशी तारेचं रीळ लटकवून चालतो, मागचा हातातून तार सोडत, झुडपांत दडवत येतो. बाबा मागचे. पुढच्याला ते नुसतं जोडीदार म्हणत. आठ महिने दोघांनी तार टाकली आणि मग माघार घेताना, नदी ओलांडायच्या दिवशी, जोडीदार पलीकडे पोहोचला नाही. त्याचा एकही फोटो नाही. याहून जास्त बाबा आम्हाला कधी बोलले नव्हते.

गेल्या वर्षी बाबांची नजर जायला लागली. कडेचं आधीच गेलं होतं, नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरलं होतं. तेही वर्षभर टिकेल न टिकेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. आणि त्याच सुमारास निवृत्त सैनिकांच्या मंडळाने सेनापतींना बोलावून घेतलं. मंडळाच्या सभागृहात काचेच्या पेटीत देखावा हवा होता. विषय : नदीवरची माघार. तीच नदी, तीच माघार.

सेनापती हवेतच तरंगायला लागले. बाबांनी मात्र एकच मागितलं.

"जावईबापू, तुम्ही सगळी पलटण करा. पण त्यात माझा जोडीदार करा. डोळे आहेत तोवर मला त्याला एकदा बघू द्या."

"करतो की! त्यात काय मोठंसं!" सेनापती म्हणाले. या माणसाला कशातच काही मोठंसं वाटत नाही, बटणं सोडून.

मग रोज दुपारी बाबांची उलटतपासणी. पाण्याची बाटली डाव्या बाजूला होती की उजव्या? पट्ट्याला कडी होती की खटका? बाबा सांगायला लागायचे की नदीच्या दिवशी सकाळी जोडीदाराने आपल्या वाटचा अर्धा पाव त्यांना दिला, पोट बिघडलंय अशी थाप मारून दिला. तोच सेनापती मधेच तोडायचे, "ते असू द्या हो बाबा, रिळाचा पट्टा छातीवरून होता का?" बाबा म्हणाले, एकाच खांद्यावरून होता. त्यावर यांनी पुस्तक उघडलं आणि पट्टा दोन्ही खांद्यांवरून असतो हे बाबांना समजावून सांगितलं. जो माणूस त्या रिळामागून आठ महिने चालला, त्याला! माझ्या हातात तेव्हा कात्री होती. ती मी खाली ठेवली.

पाच महिन्यांनी पलटण तयार झाली. मोडका पूल, गढूळ पाणी, चिखल, छत्तीस माणसं. बाबांना धरून टेबलाशी बसवलं आणि मोठं भिंग हातात दिलं. ते एकेक सैनिक बघत गेले. नळीतून बघायचं म्हणजे एका वेळी एकच चेहरा दिसणार. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, दहाव्याला ते थांबले.

"जावईबापू, हे सगळे तुम्हीच आहात."

मी भिंग हिसकावून घेतलं. खरंच की! तेच फेंदारलेलं नाक, तीच खालच्या ओठाखालची खळी. सेनापती आरसा समोर ठेवून चेहरे कोरतात. हसू कसं दिसतं, ओरडताना गाल कुठे जातो, हे स्वतःच्याच तोंडावर बघून करतात. त्यामुळे छत्तीस सेनापती नदी ओलांडत होते. एक सेनापती जखमी, दोन सेनापती त्याला उचलून नेताहेत, आणि घोड्यावर, अर्थातच, सेनापती. घोड्याचा चेहरा तेवढा वेगळा होता. ताईला इतकं हसू आलं की ती आत निघून गेली. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "यात तो कुठला?" आणि सेनापतींनी टाचणीने दाखवला तेव्हा मान हलवून म्हणाले, "नाही. हा तो नाही."

हे मात्र सेनापतींना झोंबलं. त्यांनी आरसा बाजूला ठेवला आणि नुसती डोकी करायला घेतली. टाचणीवर खोचलेलं एकेक डोकं बाबांपुढे धरायचं. नाक लांब? नाही. गाल बसके? नाही. हनुवटी? नाही, नाही. अकरा डोकी झाली. सगळी कवळीच्या रिकाम्या डबीत, एकावर एक. अकराव्यानंतर बाबा माझ्या दुकानात येऊन बसले. पायजमा सैल झाला होता, तो आत घ्यायचा होता म्हणे. मी कंबरेला टेप लावला तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय झालं, बाबा?"

"मला त्याचा चेहराच आठवत नाहीये," ते म्हणाले. "जावईबापूंचा दोष नाही. मीच विसरलोय. ज्याने आपल्या तोंडचं मला खायला घातलं त्याचं तोंड मी विसरलो. कसला माणूस गं मी?"

मी टेप गुंडाळत राहिले. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून उभं असतं आणि आम्ही त्याच्या पाठीमागे. मला अर्धं गाव पाठीवरून ओळखू येतं. त्या सवयीने मी विचारलं, "मागून कसे दिसायचे ते?"

बाबा एका दमात बोलायला लागले. उजवा खांदा दोन बोटं खाली, रिळाच्या पट्ट्याने. मानेवर गळू झालं होतं, म्हणून कॉलर डावीकडून आत दुमडलेली. पाठीवर मधोमध ठिगळ, चौकोनी नाही, तिरकं, कारण त्याने ते स्वतः लावलं होतं. डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली. कान मोठे, आणि थंडीत डावा आधी लाल व्हायचा. मी शिवणाच्या वहीत सगळं उतरवून घेतलं, गिऱ्हाइकाची मापं घेतात तसं.

वही घेऊन मी सेनापतींपुढे उभी राहिले. त्यांनी वाचलं आणि हसून मान उडवली.

"पाठमोरा? दर्शनी बाजूला पाठ करून सैनिक कोणी उभा करतं का? आणि एका खांद्यावरचा पट्टा नियमात नाही."

मग माझा तोल गेला. "नियमात नव्हतं तर तुमच्या पुस्तकवाल्याने जाऊन रीळ उचलायचं होतं!" मी म्हणाले. "आठ महिने बाबांनी त्या माणसाची पाठच बघितली. त्यांना तोंड कुठून आठवणार? तुम्ही आयुष्यभर माणसांच्या तोंडात बोटं घातलीत, एकदा त्यांचं ऐकून घेतलं असतं तर? पाच महिने बाबा तुमच्यासमोर बसून सांगत होते आणि तुम्ही बटणं मोजत होतात. लाज वाटू द्या जरा!"

ताई दारात होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, करा ना." सात वर्षांत तिने त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असावी.

त्यांनी केला. कुरकुरत, पुस्तक शेजारी उघडं ठेवून, पण केला. देखाव्याच्या अगदी पुढे, नदीच्या काठावर, आपल्याकडे पाठ करून.

ज्या दिवशी मंडळाचे चिटणीस पेटी बघायला आले, त्याच दिवशी बाबांनाही बोलावलं होतं. चिटणीस कोटाला बिल्ला लावून आले होते. बिल्ला दिसला की सेनापतींचा कणा आपोआप वाकतो. चिटणीसांनी पूल पाहिला, घोडा पाहिला, वा वा केलं, आणि मग बोट पुढे केलं.

"हा एवढा उलटा कसा बसला? फिरवून घ्या. पाहुण्यांना चेहरे दिसायला हवेत."

"हो हो, दोन मिनिटांचं काम," म्हणत सेनापतींनी पातळ पात्याची सुरी उचललीसुद्धा. माझ्या तोंडाशी असे शब्द आले होते की ताईने माझा दंड घट्ट धरला.

बाबांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ते देखाव्याच्या पुढच्या बाजूने टेबलावर ओणवे झाले होते, भिंग नाकाला टेकलेलं. बराच वेळ हलले नाहीत. मग त्यांचा उजवा हात कंबरेशी गेला. अंगठा आणि पहिलं बोट मिटायचं, सुटायचं, पुन्हा मिटायचं. ते तार सोडत होते.

"अरे, हळू चाल की जरा," बाबा त्या बोटाएवढ्या पाठीला म्हणाले. "तार ताणली जातेय."

सेनापतींनी सुरी खणात ठेवली, खण बंद केला आणि बिल्ल्याकडे न बघता म्हणाले, "तो बरोबर बसलाय. फिरवणार नाही."

बाबा वाकूनच होते, बोटं चालूच होती. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. खांदा दोन बोटं खाली, कॉलर डावीकडून आत, ठिगळ तिरकं. पट्टा एकाच खांद्यावरून. आणि वाकलेल्या कोपरावर, बाहेरच्या बाजूने, त्याच गोल गोल बांगड्या.

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी बोलले नाही.