आधी आतला लाइट लावा

"भैया, पहले अंदर की लाइट जलाओ." रात्री आमच्या दारात टॅक्सी थांबली की वरच्या खिडकीतून हा हुकूम सुटायचा. ड्रायव्हरचा चेहरा नीट दिसल्याशिवाय आमच्या घरमालकीण मावशी गाडी हलू देत नसत.

बँकेतल्या बदलीमुळे मी नागपूरहून जबलपूरला आले आणि गोहलपुरात त्यांच्या खालच्या खोल्या भाड्याने घेतल्या. मावशी निवृत्त नर्स, मूळच्या भंडाऱ्याच्या, घरात एकट्या. विश्वासाचं माणूस त्यांना आयुष्यात भेटलंच नसावं. रोजच्या दूधवाल्यासमोरही त्या दूध चाखून मगच पातेलं आत नेत. अशी एखादी मावशी तुमच्याही गल्लीत असेल.

मोबाइलवरून गाडी मागवायची तर त्यांचे नियम होते. आपलं नाव सांगायचं नाही, कोणाला न्यायला आलास हे ड्रायव्हरलाच विचारायचं. गाडीचा नंबर फोनवरच्या नंबराशी ताडून बघायचा. आणि सगळ्यात मोठा नियम: "घरी कोणी नाही असं कधी म्हणायचं नाही वं. कोणीतरी पाहून राहिलं, असंच सांगायचं." मी हसण्यावारी नेत असे.

एकदा बाबांना अचानक दवाखान्यात ठेवल्याचा फोन आला. ट्रेन रात्री दीडची. टॅक्सी आली, पण नंबर वेगळा. ती गाडी बिघडली म्हणून भावाची आणली, असं ड्रायव्हर म्हणाला. मी बॅग ठेवलीसुद्धा. तेवढ्यात मावशी गाऊनवर शाल गुंडाळून खाली आल्या आणि त्यांनी बॅग ओढून बाहेर काढली. ट्रेन चुकेल म्हणून मी त्यांना नको नको ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "बाबाले तू सहीसलामत पाहिजे."

दुसरी गाडी मागवली. तिचा नंबर जुळला, तरी मावशी स्टेशनपर्यंत माझ्याशेजारी बसून आल्या. ट्रेन मिळाली. पहिला ड्रायव्हर खरा होता की खोटा, देव जाणे. पण ट्रेन सुटल्यावर माझ्या लक्षात आलं. आम्ही आलो त्याच गाडीतून मावशी आता एकट्या परत निघाल्या असणार. मी घाबरून फोन लावला.

"हाँ बेटा, सब लोग जाग रहे हैं न?" मावशी मोठ्याने म्हणाल्या. "बस, पहुँच रही हूँ."

घरात कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. परवा मी पुन्हा रात्रीच्या ट्रेनसाठी टॅक्सी मागवली. नंबर ताडून बघितला. ड्रायव्हर आमच्या दारात आधी आलेला असावा. त्याने न सांगताच आतला लाइट लावला आणि वर पाहिलं. "अम्मा नहीं दिख रहीं?"

वरची खिडकी बंद होती.

"पर्दे के पीछे खड़ी हैं," मी म्हटलं. "देख रही हैं."