दूध आटल्याची थाप

नागझिऱ्याच्या जंगलातून भटकत आलेल्या वाघाला मी एकटीने, डोक्यावरचा गवताचा भारा न उतरवता, नुसत्या शिव्या देऊन पळवलं होतं. गावात कुणी मानत नाही. नका मानू. पहिल्या वर्षी तो वाघ कुत्र्यापेक्षा थोडा मोठा होता, सांगता सांगता रेड्याएवढा झाला, हे मलाही कळतं. सासरे सांगायचे, आम्हा पोवारांचे पूर्वज माळव्यातून घोड्यावर बसून आले. मी म्हणायची, घोडे पुढे आले, पूर्वज लीद गोळा करत मागून आले. अशा सुनेचा शब्द कोण धरणार? मी पाऊस आला म्हटलं तरी सासू अंगणात हात काढून बघायची.

पण माझी एक थाप त्या घराने अख्खी गिळली.

तेव्हा माझ्या कडेवर पाच-सहा महिन्यांची पोरगी होती, आणि धाकट्या जावेला पहिल्यांदाच दिवस गेले होते, सहावा लागला होता. अंगणवाडीत नर्सबाई यायच्या. पोटुशा आणि लेकुरवाळ्या बायांना बसवून कापडी बाहुलीवर पाजणं शिकवायच्या. बाळाचं पोट आपल्या पोटाला लावायचं, नाक बोंडीसमोर आणायचं. त्याने जांभईएवढं तोंड उघडलं की मगच घ्यायचं, नुसती बोंडी नाही, भोवतालच्या काळ्या भागासकट. पहिला पिवळा चीक सांडायचा नाही. सहा महिने वरचं काही नाही, पाणीसुद्धा नाही.

मी मागे बसून बाहुलीच्या वतीने ढेकर द्यायची, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी. बाया लोळायच्या. जाऊ हसायची नाही. ती त्या बाहुलीला पदरात घ्यायची, जशी काही तिला थंडी वाजत होती.

"काऊन वो, चिंध्याची हाय थे, तिले का सर्दी होते?"

"दीदी, शिकू द्या ना जी मले."

तिचं लेकरू सातव्याच महिन्यात आलं. गोंदियाच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. ती बाहेर बाकावर बसून राहायची. लेकरू एकदाही तिच्या अंगाला लागलं नाही. गावात आलं ते टॉवेलात गुंडाळून, आणि घरात न आणता तसंच पुरायला नेलं.

लेकरू गेल्याचं दुधाला कुणी कळवलं नव्हतं. जाऊ घरी आली आणि छाती भरून दगड झाली. सासूने जुन्या धोतराने ती करकचून बांधली. मग ताप चढला. असा, की कपाळावर भाकर भाजली असती. बरं, एक बाजू तरी.

नर्सबाईंनी येऊन धोतर सोडलं. एका बाजूला लाल चट्टा उठला होता.

"बांधू नका हो," त्या सासूला म्हणाल्या. "दूध कोंडलं तर पू होईल, चिरा द्यावा लागेल. गोळ्या देते, पण दूध निघत राहिलं पाहिजे. आधी काढा, बरी झाली की मग हळूहळू कमी करू."

जाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कोनासाठी काढू?"

नर्सबाईंनी माझ्या पोरीकडे बघितलं. "ही पिऊ शकते की. ताप असला तरी दूध बाळाला बाधत नाही."

सासू ताडकन उठली. "मेल्या लेकराचं दूध हाय थे! जित्या पोरीले विख पाजता का, बाई?"

जावेने पदर ओढून घेतला. तिलाही सासूचंच खरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी तिचं अंथरूण झटकलं, तर उशीखाली साऱ्या गोळ्या. बाईला जगायचंच नव्हतं.

खरं सांगून झालं होतं. आता माझा धंदा सुरू झाला.

मी पोरीला पाजणंच बंद केलं आणि चुलीपुढे बसून गळा काढला. "आई वो, माझं दूध आटलं! धसका बसला मले, एक थेंब नाई!" पोरगी भुकेने किंचाळत होती. तिला थापा येत नव्हत्या, तिचं खरंच होतं. सासूने वाटीतून म्हशीचं दूध आणलं. मी पदराखालून पोरीला चिमटा काढला, तिने हात मारून वाटी उडवली. पोरीचा आवाज बसत चालला. मी अधूनमधून गोठ्यात जाऊन भाताच्या तणसावर माझं दूध पिळून यायची. म्हैस मान वळवून बघायची. मी तिच्यावरही डोळे वटारले.

दुपारी सासू हरली. आपल्याच दुधावर कोणती बाई बालंट आणेल? "रडून कायले राहिली आता? नेऊन टाक तिच्यापाशी. तशीबी मरते, अशीबी मरते."

मी पोरीला जावेच्या मांडीवर ठेवलं.

"नाई दीदी, नाई जी! मरन ना थे!"

"मरूनच तर राहिली. पाह्य ना तिच्या तोंडाकडे."

तिने बघितलं. मग तिचे हात आपसूक चालायला लागले. पोटाला पोट. नाक बोंडीसमोर. पोरीने मोठ्ठं तोंड उघडेपर्यंत ती थांबली, अगदी शिकवल्यासारखी. पोरगी लागली तशी जावेने ओठ चावला, रक्त येईल इतका.

घोट ऐकू आला, आणि इकडे मला पान्हा फुटला. पोलक्यावर दोन्हीकडे ओले डाग. मी पदर ओढेपर्यंत तिने पाहिलं.

"पानी सांडलं," मी म्हणाले.

तिने पोरीला आणखी जवळ ओढलं.

ताप उतरला. चट्टा फिका पडला. गोळ्या ती मागून घेऊ लागली. पण थाप मारली की ती निभावावी लागते. सासूच्या डोळ्यादेखत मी पोरीला छातीशी कशी धरणार? गोठ्यातली माझी फेरी कमी कमी होत गेली, आणि एके दिवशी तणसावर पिळायला काही राहिलंच नाही. माझी एवढी एकच थाप खरी झाली.

मी लपून नर्सबाईंना गाठलं. "लावत राहा," त्या म्हणाल्या, "जेवढं चोखेल तेवढं परत येईल." मी जावेला म्हटलं, दे जरा. तिने लगेच दिली, पदर सावरायलाही थांबली नाही. पोरीने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही फिरवलं. मी तिच्यापुढे म्हशीसारखे ढेकर दिले. ती हसली आणि जावेकडे हात पसरले.

जावेला पुढे मूल झालं नाही.

पोरगी चालायला लागली त्या पावसाळ्यात आम्ही भाताची रोवणी करत होतो. जाऊ बांधीतल्या चिखलात वाकलेली, मी वर कोरड्या धुऱ्यावर भाकरी सोडायला बसलेली. पोरगी घसरून आपटली, भोकाड पसरत उठली. मी दोन्ही हात पुढे केले. ती माझ्या हाताखालून वाकून निघून गेली, गुडघाभर चिखलात, थेट जावेकडे.

साऱ्या बाया बघून राहिल्या होत्या.

"मीच धाडली वो तिले," मी ओरडले. "माझे हात चिखलाचे होते ना!"

बाया पुन्हा रोपांवर वाकल्या. मी हात धुऊन भाकरी सोडायला बसले होते. चिखल जावेच्या कोपरापर्यंत होता.